मागून उगवलेली दाढ

माझा स्वभाव तापट. धानोऱ्याकडच्या जंगलातल्या शाळेत शिकवायला लागले तेव्हापासून पोरांवर, त्यांच्या आयांवर, कधीच वेळेवर न येणाऱ्या एसटीवर ओरडत आले. त्या एका दाढेपुढे मात्र ओरडून काही उपयोग झाला नाही.

पहिलीतली मुलगी होती. दिवाळीनंतर दातांची डॉक्टरीण गाडी घेऊन शाळेत आली आणि व्हरांड्यातल्या उन्हात पोरीचं तोंड उघडून तिने मला जवळ बोलावलं. दुधाच्या दातांच्या मागे एक दाढ हिरडीतून अर्धवट डोकावत होती.

"ही पडणार नाही. जन्मभराची आहे," ती म्हणाली. अशा नव्या दाढेच्या खाचांत अन्न अडकून कीड लागते, म्हणून खाचा लेपाने बुजवायच्या. पण दाढ अर्धी हिरडीखाली होती, थुंकीने लेप टिकला नसता. "उन्हाळ्यात, मोहाच्या दिवसांत परत येते. तोवर पार मागपर्यंत ब्रश फिरवायला सांगा."

संध्याकाळी मी पोरीच्या घरी गेले. माय म्हणाली, "पडतेच ना तो दात, बाई? मंग काऊन घासाचा?"

तिचं तरी काय चुकलं? बाकीचे दात पडतात नि तिथेच नवे येतात. ही दाढ कुणाच्याच जागी येत नाही, गुपचूप मागे उगवते. मी समजावलं आणि पालथ्या घड्यावर पाणी, असं पुटपुटत परतले. दुसऱ्या दिवसापासून पोर रोज आ करून दाढ दाखवू लागली. माय स्वतः घासून द्यायची. मला माझीच लाज वाटली.

गाडी आली त्या दिवशी वर्गात चारच मुलं होती. अख्खं गाव मोहाची फुलं वेचायला रानात. मी तरातरा रानात जाऊन मायलेकींना गाठलं. "मोह पडून राह्यला बाई, तो का डाक्टरासाठी थांबते?" असं म्हणता म्हणता माय टोपली ठेवून उठलीच. आम्ही तिघी शाळेत पोचलो तेव्हा गाडी पुढच्या गावाला निघून गेली होती.

मग पावसाळ्यात रस्ता वाहून गेला. गाडी आलीच नाही. दाढेवर आधी खडूसारखा पांढरा डाग आला, मग तो तपकिरी झाला, मग भोक पडलं. मी डॉक्टरणीला फोन करायचे, चिठ्ठ्या पाठवायचे आणि रोज त्या तोंडात बघून हात चोळत बसायचे. दाढ दुखायला लागली तेव्हा मायने तिच्यात नस दाबली, म्हणजे तंबाखूची भाजलेली भुकटी. मी भडकले.

"मंग मी काय करू, बाई? लय रडते ते."

मी पुन्हा डॉक्टरणीला फोन लावला.

पोर तिसरीत गेली तेव्हा गाडी आली. दाढ वाचण्यासारखी राहिली नव्हती, काढावी लागली. पोर कापसातली दाढ घेऊन बाहेर पळाली आणि तिने ती शाळेच्या कौलांवर भिरकावली. पडलेला दात कौलावर फेकला की नवा येतो. तिचे पुढचे दोन्ही तसेच आले होते.

"बाई, नवी कवा येईन?"

मागे माय उभी होती. तिला खरं काय ते ठाऊक होतं, मीच शिकवलं होतं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "येईन व, येईन."

आणि पोरांची एकही चूक कधी न सोडणारी मी, मान हलवून हो म्हणाले.