अक्काच्या मासोळ्या

आज सकाळी नळाच्या पाण्याला ब्लीचिंगचा उग्र वास आला आणि मला धुळ्याच्या घरातली अक्का दिसली, काचेच्या पेटीसमोर बसलेली.

अक्का माझी थोरली बहीण. तिची दोन्ही बाळं अंगावर पिण्याच्या वयातच गेली, तेव्हा सासरच्यांनी तिला माहेरी आणून सोडलं. स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली असतील. तिचं मन रमावं म्हणून वडिलांनी मुंबईहून लाल मासोळ्या आणल्या. अक्का रोज पेटी घासून गल्लीत नव्यानं आलेल्या नळाचं ताजं पाणी भरायची. सकाळी एखादी मासोळी पोट वर करून तरंगत असायची. अक्का तिला तळहातावर घेऊन स्वतःलाच दोष देत म्हणायची, "मना हातच वाईट शे."

एकदा नळ आला नाही, म्हणून मी विहिरीचं पाणी भरलं. आठवडाभर एकही मेली नाही. पुन्हा नळाचं भरलं, तर संध्याकाळीच एक गेली. मी घागरीला नाक लावलं. दवाखान्यासारखा वास होता.

"अक्का, नळना पानीमा औसद शे, त्यानीच मरतस! तुना हातनं काहीच नही."

मग मी रोज विहिरीचंच पाणी भरू लागले. उरलेल्या मासोळ्या जगल्या. त्या दाखवल्या, तर अक्कानं हात पदराखाली घेतले.

"पानी तू भरं ना, म्हनीसन त्या जगन्यात. तुना हात चांगला शे."

तेव्हा मला तिचा राग आला. मी कारण मासोळ्यांचं शोधलं होतं. बाळं कशानं गेली ते तिला कुणीच सांगितलं नव्हतं, हे आता कळतं.

पुढे माझं बाळंतपण माहेरीच झालं. अक्का उंबऱ्याशी उभी राहून बाळाकडे बघत राहायची. त्याला तिनं कधी हातात घेतलं नाही.