आपल्यात काय करतात

माझ्या बापाला माझ्या भावानं जाळलं आणि ते मी त्याला कधीच माफ केलं नाही. तुम्ही म्हणाल, बाई काय बोलते, बाप मेल्यावर पोरगा जाळणार नाही तर काय करणार. जरा थांबा. आम्ही महानुभाव. आमच्या घरात मेलेल्या माणसाला माती देतात, भूमीडाग म्हणतात त्याला. माझी आई फुलंब्रीकडं आमच्या शेताच्या बांधाला मातीत आहे, आजा-आजी तिथंच. एकटा माझा बाप धूर होऊन गेला.

निजामाचं राज्य गेलं त्या पोलीस ॲक्शनला तेव्हा आठेक वर्षं झाली असतील. औरंगाबादेत गुलमंडीच्या मागं एका गल्लीत आम्ही तिघं भाड्यानं राहायचो, बाबा, दादा आणि मी. दादा माझ्याहून चार वर्षांनी मोठा. गल्ली म्हणजे देवांची खिचडी होती. शेजारी लिंगायत किराणावाले, त्यांच्या गळ्यात चांदीच्या डबीत लिंग. समोर हिमरू विणणारे चाचा. त्यांच्या पलीकडं जैन कुटुंब, दिवेलागणीच्या आत त्यांची जेवणं उरकलेली. कोपऱ्यावर एक ख्रिस्ती नर्सबाई. माझ्या शाळेतल्या मैत्रिणीच्या घरी त्याच सुमारास देव्हारा रिकामा झाला आणि भिंतीवर बुद्धाची तसबीर आली. नळावर कुणी कुणाला धर्म विचारत नव्हतं, तिथं सगळे सारखेच भांडायचे. माणूस मेलं की मात्र कळायचं कोण कुठला. लिंगायत आपल्या माणसाला खड्ड्यात बसवून पुरत. चाचांच्या आईला न्हाऊ घालून पांढऱ्या कपड्यात गुंडाळून नेलं, ते मी खिडकीतून बघितलं. नर्सबाईचा नवरा पेटीतून गेला. बाकीचे खाम नदीच्या कडेला, लाकडावर.

बाबा कुठल्या दुसऱ्या देवाला हात जोडायचे नाहीत, दुसऱ्या देवाचा प्रसाद घ्यायचे नाहीत. गल्लीतल्या गणपतीला वर्गणी द्यायचे, मोदक मात्र परत करायचे. मी एकदा विचारलं, आपल्यात जाळत का नाहीत. म्हणाले, "लाकडात किती किडामुंगी असती गं. आपण मेलो तर मेलो, त्यांना कशाला संगं न्यायचं?" माझ्या बापाचा सगळा धर्म मला त्या एका वाक्यात कळला.

दादाला मात्र त्याची लाज वाटायची. तो कलेक्टर कचेरीत कारकून लागला होता, साहेबाच्या मर्जीत होता, आणि एका जुन्या कारकुनी घराण्यात त्याची सोयरीक जमत आली होती. रझाकारांचे दिवस लोकांच्या डोक्यातून गेले नव्हते. मनामनात दोन रांगा झाल्या होत्या, जाळणारे ते आपले आणि पुरणारे ते त्यांचे. लिंगायतांना कुणी काही म्हणायचं नाही, त्यांची दुकानं मोठी. आम्हाला मात्र कचेरीत कुणीतरी हसून विचारायचं, "काय हो, तुम्ही पण गाडता म्हणे?" दादा घरी यायचा आणि भाकरी न खाता झोपायचा.

बाबा तापानं आजारी पडले. एका दुपारी त्यांनी आम्हा दोघांना जवळ बसवलं. म्हणाले, "शेतापर्यंत नेणं जमलं नाय तर कुठं बी ठेवा. पण मला जाळू नका." दादानं त्यांचा हात हातात घेतला आणि म्हणाला, "व्हय बाबा." मी शेजारी बसले होते. ते 'व्हय' मी या कानांनी ऐकलंय.

तिसऱ्या दिवशी पहाटे बाबा गेले. सात वाजता दादा कुठूनसा आला आणि म्हणाला, लाकडं सांगून आलोय. मला आधी समजलंच नाही. मग मी बोलायला लागले तर म्हणाला, बैलगाडीनं फुलंब्रीला न्यायला दिवस जाईल, होणाऱ्या सासरची मंडळी येतायत, साहेब येतायत, हितंच उरकू. आमचं भांडण ऐकून लिंगायत किराणावाले दारात येऊन उभे होते. ते म्हणाले, "पोरा, आमच्या रुद्रभूमीत जागा देतो. मी पंचांना सांगतो, कुणी नाय म्हणणार नाय." चाचा पण आले. दादाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मियाँ, बाप की आखरी बात है. टालो नक्को." दादा त्यांचा हात झटकून माझ्याकडं वळला. दात-ओठ खात, हळू आवाजात म्हणाला, "बघ. आता हे येऊन सांगायला लागले. साहेबानं बघितलं तर काय म्हणंल?"

दोन परके लोक माझ्या बापाला माती द्यायला तयार होते, आणि पोटचा पोरगा साहेबाकडं बघत होता. मी तिरडीचा बांबू धरून बसले. गल्लीतल्या बायकांनी माझी बोटं एकेक करून सोडवली. बायका तेव्हा स्मशानात जात नसत, म्हणून बाबांचं जळणं मी बघितलं नाही. संध्याकाळी दादा अंघोळ करून आला, तेव्हा त्याच्या केसांना वास येत होता. त्याच दिवशी मी मनाशी ठरवलं, याचं उट्टं काढायचं.

कसं, ते कळत नव्हतं. माझं लग्न वैजापूरला झालं, आमच्याच पंथात. मी प्राथमिक शाळेत मास्तरीण झाले. सगळे धर्म सारखे, हा धडा मी तीस वर्षं शिकवला आणि तो मला पटतो पण. माझं वैर धर्मांशी नव्हतंच, एका माणसाशी होतं. दादा आता पक्का सत्यनारायणवाला झाला होता. दर श्रावणात त्याच्याकडं पूजा असायची, सासरची माणसं, कचेरीतली माणसं. मी वैजापूरहून मुद्दाम एसटीनं जायचे. वहिनी प्रसादाचा द्रोण पुढं करायची आणि मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचे, "आमच्यात चालत नाही हो. दादाला विचारा ना." दादाचं तोंड पडायचं. एकदा त्याच्या कचेरीतल्या एकानं विचारलंच, आमच्यात म्हणजे कुणात? मी सविस्तर सांगितलं. परतीच्या एसटीत मला शेजारच्या बाईनं विचारलं, काय हो बाई, एकट्याच हसताय?

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तसं माझं होतं. मला मूलबाळ झालं नाही. नवरा गेला, त्याला त्याच्या शेतात माती मिळाली. पुढं पुतण्यांनी ते शेत विकलं, मग मी औरंगाबादेत येऊन सिडकोत एक खोली घेतली. दादा पण सिडकोतच राहायचा. वहिनी गेली, पोरगा पुण्याला, घरात हा एकटा. आणि मग पंचाहत्तरीच्या पुढं गेल्यावर एक दिवस दादा रिक्षानं माझ्या दारात उतरला आणि हात जोडून म्हणाला, "दंडवत प्रणाम."

आमच्या पंथात एकमेकांना असं म्हणतात. त्याच्या तोंडून ते शब्द ऐकले आणि माझी तळपायाची आग मस्तकात गेली. गेली दोन वर्षं तो गुपचूप आमच्या पंथाच्या आश्रमात जात होता. उपदेश घेतला होता. मरण जवळ दिसायला लागल्यावर याला बापाचा देव आठवला. मी चहा ठेवला. तो म्हणाला, "मला जाळू नका. पोराला तू सांग."

"तू सांग की. तुझा पोरगा आहे."

"मी कसं सांगू? मग आजोबाचं काय केलं ते पण सांगावं लागंल."

मी वाट बघितली. आता तरी एक शब्द बोलेल, चुकलं म्हणेल. मी खरं सांगते, तो शब्द आला असता तर मी सगळं सोडून दिलं असतं. दादानं चहा संपवला, कप खाली ठेवला आणि म्हणाला, "त्या वेळी परिस्थितीच तशी होती."

मी म्हटलं, "व्हय दादा. सांगते त्याला." त्यानं बाबांना दिलेलं तेच 'व्हय' मी त्याला परत दिलं.

दोन वर्षांनी तो झोपेतच गेला. भाचा पुण्याहून सकाळी येऊन पोचला. गुणी पोरगा आहे, बापासारखा नाही. बापाच्या कपाटातून त्यानं एक गाठोडं आणून माझ्यासमोर सोडलं. पोथी होती, आमचे साधू वापरतात तसलं काळं वस्त्र होतं. म्हणाला, "आत्या, हे बाबांचं आहे का? आपलं काही वेगळं असतं का? तू प्रसाद घ्यायची नाहीस तेवढं आठवतंय, बाकी मला काहीच माहीत नाही. आपल्यात काय करतात?"

घरात वीस-पंचवीस माणसं होती. सगळी माझ्याकडं बघत होती. मी म्हटलं, "आपल्यात जाळतात."

आता बायका जातात स्मशानात. मी गेले. पुढं उभी राहिले आणि शेवटपर्यंत बघितलं. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. साठ वर्षं छातीवर ठेवलेला धोंडा कुणी उचलावा तसं वाटलं. तिसऱ्या दिवशी भाचा राख सावडायला गेला असताना आश्रमातले दोन भिक्षुक, म्हणजे आमचे साधू, विचारत आले, त्यांची इच्छा मातीची होती, असं कसं झालं. मी म्हटलं, पोरं पुण्याची, त्यांना काय कळतंय. ते उठून गेले.

दिवस झाल्यावर भाचा निघाला. बॅग खांद्याला लावून माझ्या पाया पडला आणि म्हणाला, "आत्या, तू एकटी आहेस असं मनात आणू नको. तुझं सगळं मी करणार. बाबांचं केलं तसंच, आपल्या रीतीनं."

मी 'बरं' म्हटलं.

त्याला आता दोन वर्षं झाली. दर रविवारी सकाळी त्याचा फोन येतो. गोळ्या घेतल्या का, गुडघा कसा आहे, सगळं विचारतो. दर रविवारी मी सांगायचं ठरवते. पण सांगायचं तर त्याच्या बापाचं मी काय केलं तेही सांगावं लागतं, आणि मग फोन करायला मला या जगात कुणी उरत नाही. आश्रमात जायला तोंड राहिलेलं नाही. पस्तावा म्हणाल तर तो मला झालेला नाही, दादाला मी आजही माती दिली नसती. पण मला माझी माती पाहिजे. आणि ती ज्याच्याकडं मागायची, त्याला मीच शिकवून ठेवलंय की आपल्यात जाळतात.