भिंतीवरची बिंदुसरा

बीडमध्ये नदीजवळच्या एका लांबलचक भिंतीवर शहराचं चित्र काढायचं ठरलं, तेव्हा आखणी माझ्याकडे आली. मी शाळेत चित्रकला शिकवते. कंकालेश्वराचं देऊळ, खजाना विहीर, आठवडी बाजार, मेंढरं घेऊन निघालेला धनगर, सगळं मी खडूनं आखलं. रंग लोकांनी येऊन भरायचा. मधून बिंदुसरा वाहत होती, तेवढी मीच रंगवलेली, निळी आणि शांत.

ती नदी मला पहिल्या दिवसापासून खुपत होती. जेवताना, वह्या तपासताना वाटायचं, उठावं आणि जाऊन पुसून टाकावी. दोनदा चपला घातल्या, दोनदा काढल्या.

तिसऱ्या दिवशी नेकनूरहून भाजी विकायला आलेली एक म्हातारी पाटी खाली ठेवून भिंतीपुढं उभी राहिली.

“बाई, ही नदी कोनाची?”

“आपलीच की मावशी. बिंदुसरा.”

“मोटा पूर आला तवा आमी हितंच ऱ्हात होतो. त्यात माझी लेक गेली. अशी न्हवती नदी तवा.” तिनं हात डोक्याच्याही वर नेऊन भिंतीला टेकवला. “पानी हितवर आलतं.”

पुराच्या त्या सकाळी मी सात वर्षांची होते, शेजाऱ्यांच्या गच्चीवर, वडिलांच्या कडेवर. खालच्या गढूळ पाण्यातून एक दार वाहत चाललं होतं आणि त्याला धरून कुणीतरी हाका मारत होतं. वडिलांनी माझे डोळे झाकले. हाका ऐकू येतच राहिल्या. हे मी कधी कुणाला सांगितलं नाही. आणि नदी निळी काढली.

मी तपकिरी रंग कालवला, तिच्या हाताच्या उंचीवरून आडवी रेघ ओढायला लागले. आयोजकांपैकी एक जण धावत आला.

“म्याडम, हे काय करताय? आनंदाचं चित्र हाय हे!”

“पुसायचं असेल तर या मावशींना विचारा.”

त्यानं म्हातारीकडं पाहिलं. म्हणाला, “आमचं दुकान गेलतं त्यात,” आणि निघून गेला.

रेघ राहिली. खालचं निळं मात्र उद्घाटनाच्या गडबडीत अर्धंच बदललं. म्हातारीच्या लेकीचं नाव विचारायचं राहून गेलं. बाजारात भाजीवाल्यांच्या ओळी मी पुन्हा पुन्हा पाहते, काही न घेता परत येते.