मालक किल्लारीला असतात

माझी आई भामाबाई स्वतःच्याच घरात तीन वर्षं राखणदारीण म्हणून राबली. या गोष्टीचा मला अजून संताप येतो.

ब्याऐंशी साली लातूर जिल्हा झाला आणि नोकरदारांची रीघ लागली. खोली मिळेना. माझे वडील लिंबाजी नोकरीत असतानाच गेले होते. त्यांच्या फंडाच्या पैशातून आईने गावाबाहेरच्या प्लॉटवर पत्र्याच्या चार खोल्या बांधल्या, मागे आमची एक, मध्ये आड. खोल्या भरल्या तरच माझं शिक्षण होणार होतं.

माणसं यायची, खोली बघून खूश व्हायची. मग भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोकडे नजर जायची आणि म्हणायची, घरी विचारून सांगतो. त्यांची घरं फार लांब असावीत, कारण एकही जण परतला नाही. सात महिने खोल्यांना कुलपं होती.

शेवटी वडिलांच्या ऑफिसातल्या शेषेराव पाटलांनी तोड काढली. "दारावर माझ्या नावाची पाटी लावा," ते म्हणाले. मालक किल्लारीला असतात, मी नुसती राखण करते, असं सांगा. माणूस मनाने चांगला होता. पण हे सुचवताना त्याला काहीच वाटलं नाही, याचाच मला जास्त राग येतो. आईने मान्य केलं. फोटो आमच्या खोलीत गेला. माझं नाव पंचशीला, पण अंगणात आई मला नुसतं शीला म्हणू लागली. आठवड्यात चारही खोल्या भरल्या.

आमची जात भाडेकरूंनी दोन दिवसांत ताडली. राखणदारीण म्हणून ती त्यांना चालत होती. पत्रा गळतोय, मालकाला सांग, असा हुकूम सुटायचा. आई सांगते म्हणायची आणि दुपारी स्वतःच डांबराचा डबा घेऊन वर चढायची. मी चिडले की मलाच गप्प करायची.

मग पाऊस रुसला. शहाऐंशीच्या उन्हाळ्यात नळ आठ-आठ दिवस कोरडा राहू लागला आणि सगळे आडावर आले. तोवर त्या पाण्याने फक्त भांडी घासली जात. आता ते प्यायचं झालं, तसा आईचा पोहरा त्यांच्या डोळ्यांत खुपायला लागला.

पहिल्या खोलीतल्या रामकिशन कारकुनाने झोकदार अक्षरात अर्ज लिहिला. चौघांनी सह्या केल्या आणि मालकाला पोचता कर म्हणून तो आईच्याच हातात दिला. तिला वाचता येतं हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. आई चौथी शिकली होती. आडाच्या कठड्याला टेकून तिने तिथेच मोठ्याने वाचलं: "सदर बाई आडाला शिवते. तरी तिला काढून दुसरी बाई ठेवावी, ही विनंती."

कागदाची घडी करून ती म्हणाली, "पोचला मालकाला. खोल्या माझ्या हायत, आड माझा हाय. उद्यापासून पाणी मी शेंदून देणार. चालंल त्यानं घागर आणावी. न्हाई चालत त्यानं खोली सोडावी."

आईने दोर आणि पोहरा उचलून आत नेला, मग बाहेर येऊन शेषेरावांची पाटी उचकटली.

दुसऱ्या दिवशी एका बिऱ्हाडाने सामान हलवलं. दोघं निमूट घागरी घेऊन आले. रामकिशन दोन दिवस टँकरमागे धावला. तिसऱ्या दिवशी त्याची बायको तारामती आली, घागर खाली ठेवून चार हात लांब उभी राहिली.

आईने भरलेला पोहरा कठड्यावर तसाच धरून ठेवला. "ताई, जवळ या. घागर धरा, न्हाई तर सांडंल."

तारामती आली. तिने घागर धरली, आईने पोहरा ओतला, पाणी दोघींच्या बोटांवरून गेलं. घरी जाऊन तिने हात धुतले असतील, तर तेही आईनेच शेंदलेल्या पाण्याने.