पांडवलेण्यातला कोमट ओटा

आमच्या घरात देव कमी आणि काम जास्त. भूतखेत, चकवा, अंगात येणं... यातलं मी कधीच काही मानलं नाही. त्यात मी बी.एस्सी. केमिस्ट्रीची. तरी हे लिहिते आहे, कारण जे झालं त्याचं कारण मी दोन वर्षं शोधते आहे.

आम्ही सुरगाण्याकडचे. भात आणि नागली, म्हणजे नाचणी, निघाली की दिवाळीनंतर गावातली निम्मी घरं जीपने द्राक्षबागांवर मजुरीला जातात, तसे आम्हीही जायचो. बांधावर ताडपत्रीची झोपडी, तीन दगडांची चूल, आणि होळीला परत. माझी शाळा दरवर्षी तुटायची, म्हणून आईने मला चौथीत आश्रमशाळेत घातलं. गावातल्या बायका तिला म्हणायच्या, पोर टाकून चालली. ती ऐकून घ्यायची आणि जीपमध्ये चढायची. मला तेव्हा तिचा फार राग यायचा. आता नाही येत.

आई-बाबाची एक रीत होती. मुक्काम हलवताना चुलीचे दगड पाडायचे नाहीत, आणि शेवटच्या भाकरीचा तुकडा तिथे ठेवून निघायचं... मागून येणाऱ्यासाठी. तो तुकडा कुत्रंच खातं हे सगळ्यांना माहीत असायचं. तरी ठेवायचाच.

तर, मी ग्रॅज्युएट झाले. घरातली पहिली. मग तलाठी भरतीत नाव लागलं. कागदपत्रांची तपासणी नाशिकला, दुपारी अडीचला. मूळ कागद नसतील तर नाव रद्द, असं पत्रात सरळ लिहिलेलं. बाबा सोबत आला. माझी फाईल त्याने खताच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळली होती. मला लाज वाटली.

पहिल्या जीपने निघालो ते दहाच्या आत नाशिकला पोहोचलो. हातात साडेचार तास. बाबा म्हणाला, पांडवलेणी बघू. एका साली बागेचं काम मिळालं नव्हतं, तेव्हा तो नाशिकच्याच अंबडला बांधकामावर होता. तो डोंगर रोज दिसायचा, पण चढायला कधी सुट्टी नव्हती.

पायऱ्या चढून गेलो. वर एक सर शाळेच्या सहलीला माहिती देत होते. आम्हीही मागे उभे राहून फुकटात ऐकून घेतलं. बौद्ध भिक्खू आठ महिने गावोगाव फिरायचे आणि पावसाळ्यात या लेण्यांत मुक्काम करायचे. ही लेणी नुसत्या राजांनी नाही, साध्या कष्टकरी माणसांनीही दान देऊन कोरून घेतली, त्यांची नावं भिंतीवर आहेत.

बाबा हळूच म्हणाला, "म्हंजे आपल्यासारखीच की. पावसात घरी, मंग चालतं व्हायचं."

मी हसले. म्हटलं, ते ज्ञान वाटायला जायचे, आपण द्राक्षं तोडायला.

"पाय दुखायचेच ना पण," बाबा म्हणाला.

कडेच्या एका लेण्यात आत छोट्या खोल्या आहेत. खोलीत झोपायला दगडी ओटा, बस्स. तिथे आम्ही जरा टेकलो. आईने दिलेली नागलीची भाकर जीपमध्येच खाल्ली होती, एक तुकडा उरला होता. निघताना बाबाने तो ओट्यावर ठेवला.

मी ओरडलेच त्याच्यावर. "बाबा, हे सरकारी ठिकाण आहे. इथं असलं काही ठेवायचं नाही. कळत नाही का तुला?"

त्याने तुकडा उचलला, फडक्यात बांधला आणि बाहेर गेला. मी रागातच त्याच्यामागे. बसताना शेजारी ठेवलेली फाईल ओट्यावरच राहिली, आणि ते मला कळलंही नाही.

अर्ध्या पायऱ्या उतरलो. आणि एकदम वास आला. तव्यावर नागलीची भाकर भाजताना, कडा जराशी करपताना येतो तो. मला वाटलं भूक लागली असेल. पण बाबाही थांबला.

"कोण भाकर भाजतंय वर?"

शेजारून कॉलेजची पोरं उतरत होती. त्यांना विचारलं, कसला वास येतोय का. नाही म्हणाली, एकमेकांकडे बघून हसली. बाबा तोवर वळून चढायलाही लागला होता. मी मागे. वास आम्हाला थेट त्या लेण्यात घेऊन गेला, त्याच खोलीत. आत चूल नाही, धूर नाही, माणूस नाही. ओट्यावर खताची पिशवी. तेव्हा कुठे मी माझ्या रिकाम्या हातांकडे बघितलं. बाहेर एक सफाईवाल्या मावशी पोत्यात प्लास्टिक गोळा करत दोन खोल्या अलीकडे आल्या होत्या; जरा उशीर झाला असता तर आमची पिशवीही त्या पोत्यात गेली असती. त्यांना वास आला का, विचारलं. नाही म्हणाल्या.

मी पिशवी उचलली. खालचा दगड कोमट होता. त्या खोलीत ऊन पोहोचत नाही. बाजूचा दगड हात लावून बघितला, गार. पिशवीही गार. फक्त तेवढी जागा... तवा नुकताच उतरवावा तशी. बाबाने तळहात टेकवला आणि कितीतरी वेळ काढलाच नाही.

"कुणीतरी जेवायला बसलं होतं बाय," एवढंच म्हणाला.

मग मीच त्याच्या फडक्यातून तुकडा काढून ओट्यावर ठेवला. नियम मोडला, कबूल. वास तिथल्या तिथे नाहीसा झाला.

खाली गाड्यांवर काकडी आणि लिंबूपाणी होतं, नागली कुठेच नव्हती. नंतर चार वेळा त्या खोलीत जाऊन आले, वेगवेगळ्या वेळी. ओटा दर वेळी गार. भुकेने वास येतो म्हणावं, तर दोघांना एकदम कसा? आणि दगडाचं काय? आता उत्तराची घाई नाही. ज्यांनी कुणी आम्हाला मागे बोलावलं, त्यांचे आभार मात्र रोज मानते.

अडीचला माझं नाव पुकारलं. सगळे कागद टेबलावर ठेवले. साहेबांनी एकेक बघून सही केली.

बाबाने एका दाखल्यासाठी तलाठी ऑफिसच्या पायरीवर कितीतरी दिवस घालवले आहेत. आता मी तलाठी आहे. माझ्या ऑफिसात आलेला माणूस आत, खुर्चीवर बसतो.