करंजाच्या आळ्यातला समुद्रगाळ

ज्योतीताई मूळच्या बोदवडच्या. जिथे नळाला पाणी येणं हीच बातमी असते, तिथे वाढलेली बाई पाणी मोरीत सोडत नाही. तांदळाचं धुवण तुळशीला, कपड्यांचं पाणी अंगणात. जळगावच्या एका कॉलेजातल्या भूगर्भशास्त्राच्या प्रयोगशाळेत केस पिकले, तरी सवय सुटली नाही. सुटावी तरी का? चांगली सवय. घात तिनेच केला.

विभागातल्या मेघा मॅडमनी नॉर्वेच्या एका फियॉर्डमधून गाळ आणला होता. फियॉर्ड म्हणजे डोंगरांमध्ये खोल घुसलेली समुद्राची चिंचोळी खाडी. तिच्या तळाशी गाळाचा थरावर थर बसत जातो. प्रवाह जोरात असला की बारीक माती वाहून जाते, जाडसर कण मागे राहतात. प्रवाह मंदावला की बारीकही बसते. थराथरातले कण मोजले, की पूर्वी समुद्र कधी कसा वाहत होता ते कळतं. पूर ओसरल्यावर तापीचा काठ पाहिलेल्या माणसाला यात नवल वाटू नये. ताईंनाही वाटलं नाही.

त्यांचं काम थराची एकेक चकती चाळणीवर धुण्याचं. वर इवले शिंपले राहायचे, खाली बादलीत गढूळ पाणी उतरायचं. खरा माल त्या बादलीत. ती रात्रभर ठेवायची आणि सकाळी तळाशी बसलेला गाळ मोजायला द्यायचा.

एप्रिलची संध्याकाळ होती. दारापुढचा करंज पार मलूल झाला होता. ताईंच्या डोक्यात लेकीचा साखरपुडा. जाता जाता हाताने बादली उचलली, करंजाच्या आळ्यात ओतली, विसळून पालथी घातली. डोक्याला पत्ताच नाही.

सकाळी मॅडम रिकामी बादली घेऊन उभ्या. प्रवाह एकाएकी मंदावल्याची शंका ज्या थरावर होती, नेमका तोच थर गेला होता. त्याचा दुसरा तुकडा नव्हता. ताईंना कालची संध्याकाळ आठवली. त्या सांगणार, तेवढ्यात शिपाई सुपडूनाना म्हणाले, "मीच टाकं व्हई, मॅडम. झाडेसले रोज मीच पानी टाकस ना."

नाना निवृत्तीला आलेले. हल्ली चष्मा कपाळावर ठेवून खोलीभर शोधायचे, सगळे हसायचे. त्यामुळे सगळ्यांना लगेच पटलं. नानांनाही पटलं.

ताईंनी उघडलेलं तोंड मिटलं. "ज्योतीताईंच्या हातून चूक होत नाही" हे वाक्य इतकी वर्षं ऐकलेलं, ते सोडवेना. खोटं एक अक्षर बोलल्या नाहीत, हे खरं. पण गप्प बसणं खोट्यापेक्षा सोपं असतं, आणि मला विचाराल तर जास्त हिणकस.

आळ्यात राखाडी पापुद्रा धरला होता. गाळ प्रवाहाचा जोर सांगतो, ओतणाऱ्याचं नाव सांगत नाही.

मॅडम नानांना रागावल्या नाहीत. फक्त प्रयोगशाळेची किल्ली त्यांच्याकडून काढून दुसऱ्याकडे दिली. तेव्हापासून नाना लावलेलं कुलूप ओढून बघायचे, फाटकापर्यंत जाऊन परत यायचे. "ज्योती, मी नळ बंद करा ना व?" असं बंद केलेल्या नळाबद्दलही भेदरून विचारायचे. चांगला धडधाकट माणूस स्वतःलाच भिऊ लागला. ताईंना साखरपुड्यातला पेढाही गिळवेना. आपण या म्हाताऱ्याचा स्वतःवरचा विश्वास चोरला, हे त्यांना स्वच्छ कळत होतं.

शेवटी त्या मॅडमकडे गेल्या. "बादली मी ओतली होती."

मॅडमनी त्यांचा हात धरला. "नानांवर तुमची माया आहे, कळतं मला. पण त्यांची चूक अंगावर घेऊ नका."

"अहो, खरंच मी—"

"तुमच्या हातून असं व्हायचंच नाही, ताई."

ताई तशाच व्हरांड्यात आल्या. नाना स्टुलावर बसले होते. "नाना, ते पाणी मी टाकलं. तुम्ही नाही. लेकीची शपथ."

 नानांचे डोळे भरले.

"पोरनी शपथ नको खाऊ व. माले वाचाडासाठे खोटं बोली ऱ्हायनी तू. मना सख्खा पोऱ्या बी मनासाठे इतलं करस नही."

आणि त्यांनी ताईंच्या डोक्यावर हात ठेवला. ताईंना तो झटकता येईना.