दर्भाचा कावळा

"वहिनी, बोला आता. नोकरी सोडते, गावाकडं येते म्हणा. त्याबिगर कावळा शिवायचा न्हाई."

चिखलीच्या घाटावर दहावं चाललं होतं. मी तिथे विधी सांगतो. दहाव्याला भाताचे पिंड मांडतात आणि कावळ्याची वाट बघतात. कावळा शिवला की गेलेल्याची इच्छा उरली नाही, असं मानतात. नाही शिवला, तर घरचे हात जोडून वचन देतात: मुलांना शिकवू, आईला सांभाळू. चारचौघांत दिलेलं हे वचन मग मोडता येत नाही.

गेलेला माणूस लातूरकडचा, इथे वर्कशॉपमध्ये टर्नर. बायको सुनीता महाळुंग्याला एका कंपनीत लाइनवर. मुलगी दहावीत. विधीला बसला होता धाकटा दीर, आणि वचनही तोच मागत होता. गावी सासू अंथरुणाला खिळलेली. तिचं करायला याला फुकटची बाई हवी होती.

पिंडांभोवती ही गर्दी, कावळे समोरच्या बाभळीवर. कशाला उतरतील? "जरा मागे सरका," मी म्हटलं. कोणी हललं नाही. सगळे सुनीताकडे बघत होते. तिने हात जोडले. मुलीने तिचा पदर धरला. माझं डोकंच सणकलं.

"ताई, थांबा. काही बोलू नका."

दर्भ म्हणजे विधीत लागणारं गवत. कावळा आलाच नाही, तर दर्भाचा कावळा करून पिंडाला लावायची सोय आहे. एरवी आम्ही बराच वेळ वाट बघतो. त्या दिवशी मी बघितली नाही. काड्या वळल्या, गाठ मारली, पिंडाला लावला.

"शिवला. विधी पुरा झाला."

"गुरुजी, आसं कसं? माझ्या भावाची इच्छा ऱ्हायली ना."

"तो तुम्हाला तसं बोलला होता?"

"बोलायचं काय त्यात? आमच्यात आसंच आसतंय."

"मग ती इच्छा तुमची आहे, भाऊ. तुमचा कावळा यायला अजून अवकाश आहे."

मागे कोणीतरी हसू दाबलं. दीर उठला. "आमच्या लोकांतलं एकबी काम तुमाला मिळू देत न्हाई."

"नका देऊ."

त्याने शब्द पाळला. त्यांच्याकडून फोन येत नाही, आणि मला त्याचं काही वाटत नाही. सुनीता कंपनीत जाते. मध्ये तिच्या लाइनवरच्या एकीने वडिलांच्या दहाव्याला मलाच बोलावलं. सुनीता युनिफॉर्मवरच आली होती, सेकंड शिफ्टला जाता जाता.

आता घाटावर बाईकडून वचन मागायला कोणी पुढे सरकलं, की मी दर्भ वळायला घेतो.